संपर्क नाही

एप्रिल लागला की माझी पहिली चक्कर तांडापेठेत,
डोमाजी हेडाऊकाकांकडे.
जुनी वाळ्याची ताटी उपसायची, नवी ठोकायची,
पंपातला पांढरा क्षार खरवडायचा, पंख्याला तेल.
काका हात लावत नाहीत. खुर्चीत बसून ऐकतात.
"बेअरिंग जाते हे. पंधरा दिवसात."
काका, नवं टाकलंय.
चौदाव्या दिवशी फोन.

हा कान त्यांच्या बापानं घडवला, मागावर.
आठ माग एका ओळीत, खटक-खट, खटक-खट,
आणि पोरानं ओसरीत डोळे मिटून सांगायचं
कुणाचा धोटा अडला, कुणाचा धागा तुटला.
मग कस्तुरचंद पार्कावर नौदलाची भरती आली,
आणि ज्यानं अंबाझरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं
त्याला पाण्याच्या पोटात बसवलं,
कानांवर दोन काळ्या वाट्या देऊन.

पाणबुडीचं नाव ते घेत नाहीत. "ती."
पंचाहत्तर माणसं, दोन संडास,
भातालाही डिझेलचा वास,
चमचा पडला तर शिक्षा.
"मे महिन्यात आपलं घर कसं राह्यते? तशी.
खिडक्या बंद, पडदे वले, अंधार.
बाहेर गेला का मेला."

परवा मेहुण्याचं लग्न निघालं, समुद्रकाठच्या गावी.
ती तिथंच आहे, वाळूत, सिमेंटच्या ओट्यांवर,
पोटाला दार पाडलेलं. तिकीट काढलं.
आत एसी. माझा धंदाच तो, मला हसू आलं.
बर्थवर पुतळे निजवलेले, एकाची मिशी निघालेली.
सोनारची खोली म्हणजे कपाटच,
काळ्या वाट्या काचेआड,
आणि शेजारी बोर्डावर तिची सगळी नोकरी:
कधी दाखल झाली, किती मैल, किती बुड्या,
कधी निवृत्त.
लढाईतली दुसरी गस्त एका ओळीत:
'एकोणीस दिवस. संपर्क नाही.'

ती ओळ मी काकांना दाखवली, फोटो मोठा करून.
ते बराच वेळ कूलरकडे पाहत राहिले.

"अकराव्या रात्री एक पंखा आयकू आला होता.
तीन पात्यांचा. एक पातं वाकडं.
मधीच थांबे, मंग चाले.
क्याप्टन पाठीशी उभा, नळ्या भरलेल्या.
काय आहे, म्हने.
लढाईचं जहाज असं थांबत नाही बाप्पा, जाळं वढाले.
मी म्हटलं, मासेवाले.
नक्की?
आता नक्की कसं सांगावं? अंधारात धोटा अडला,
तो आपला का शेजाऱ्याचा, हे जसं सांगतो तसंच.
म्हटलं, नक्की.
मंग तो म्हने, लिहू नको."

होते का मासेवालेच?

"मले काय ठाऊक."

काकूनं चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली.
मी ताटीच्या कडेला शेवटचा खिळा मारणार
तेवढ्यात लाइट गेली.
कूलर घरघरत, लांबवत, थांबला.
गल्लीतून एकच 'अरे!' उठला, दारं उघडली,
लोक पुठ्ठे हलवत ओट्यावर आले.
काकांनी एक बोट वर केलं.
माझा हातोडा तिथंच राहिला, हवेत.

आधी फक्त टाकीत ठिबकणारं पाणी.
मग दूर, गल्लीच्या पार टोकाला
एकच उरलेला हातमाग, लाइटची गरज नसलेला:
खटक-खट, खटक-खट, खट...
थांबला.

"धागा," काका म्हणाले.

नक्की का, ते मी विचारलं नाही.